सम्राटाचं पदक मोडीत काढण्याआधी: दरबारी स्मृतिपदकं कशी ओळखायची, कशी जपायची

कळवा, खारेगाव, विटावा या पट्ट्यात राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांचं मूळ गाव साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात किंवा कोकणात आहे. कुणी गिरणीत लागलं म्हणून आलं, कुणी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत. येताना गावाकडची एखादी पत्र्याची ट्रंकही आली. आता जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत, पोटमाळे रिकामे होत आहेत, आणि त्या ट्रंकांमधून कधी कधी एक काळवंडलेली चकती हाती लागते. एका बाजूला दाढीवाल्या गोऱ्या राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला न वाचता येणारी अक्षरं, वर एक कडी आणि विटलेल्या फितीचा तुकडा.

अशा चकतीचा पुढचा प्रवास बहुतेक वेळा सराफाच्या दुकानापर्यंतच होतो. ती तराजूत पडते आणि चांदीच्या भावाने मोडीत निघते. त्या वस्तूची बरीचशी किंमत चांदीत नसून तिच्यावर कोरलेल्या माहितीत असते, आणि भट्टीत सगळ्यात आधी तीच जाते. हे पदक नेमकं कोणतं, त्यावर काय लिहिलंय, ते खरं की नकली, विकायचं किंवा जमवायचं तर कायदा काय म्हणतो, आणि घरी ते कसं ठेवायचं, हे इथे पाहू.

हा सम्राट कोण?

१८७६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून राणी व्हिक्टोरियाला नवा किताब घेण्याचा मार्ग मोकळा केला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून ती हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर करण्यात आलं. त्यानंतर सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज हे इंग्लंडचे राजे आणि हिंदुस्थानचे सम्राट होते. स्वातंत्र्यानंतर, २२ जून १९४८ रोजी, ‘हिंदुस्थानचा सम्राट’ हे शब्द ब्रिटिश राजाच्या किताबातून अधिकृतपणे काढले गेले. म्हणजे आपल्याकडच्या सम्राटपदकांचा काळ १८७७ ते १९४८ असा जेमतेम सत्तर वर्षांचा आहे.

सम्राटाच्या नावाने पदकं पाडण्याची चाल युरोपात आधीपासून होती. नेपोलियनने आपल्या विजयांची पदकमालिका पॅरिसच्या टाकसाळीत पाडून घेतली. त्याचा पुतण्या तिसरा नेपोलियन याने १८५७ मध्ये काकाच्या हयात सैनिकांसाठी सेंट हेलेना पदक काढलं. जर्मनीत पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीला, १८९७ मध्ये, शत्रूकडून जिंकलेल्या तोफांच्या ब्रॉंझमधून पदकं बनवली गेली. युरोपातले संग्राहक ही पदकं जमवतात. आपल्याकडे मात्र सर्वाधिक सापडतात ती हिंदुस्थानच्या सम्राटाची, आणि ती सापडण्याची जागा लिलावघर नसून घरातला माळा असते.

स्मृतिपदक वेगळं, युद्धपदक वेगळं

घरात सापडलेलं पदक पुढच्यापैकी कोणत्या गटातलं आहे, हे सर्वात आधी ठरवा.

*स्मृतिपदक:* एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून दिलेलं. राज्याभिषेक, दरबार, राज्यकारभाराची २५ वर्षं असे ते प्रसंग. ते संस्थानिकांना, अधिकाऱ्यांना, फौजेतल्या निवडक लोकांना, कधी पोलीस आणि मुलकी नोकरांनाही मिळालं.

*युद्धपदक:* लढाईतल्या किंवा मोहिमेतल्या सेवेबद्दल दिलेलं. यावरही सम्राटाचाच चेहरा असतो, म्हणून गल्लत होते.

*किताबाचं पदक:* सार्वजनिक सेवेबद्दलचं ‘कैसर-ए-हिंद’ हे त्यातलं प्रसिद्ध. ते १९०० साली सुरू झालं. पंडिता रमाबाईंना ते १९१९ मध्ये मिळालं. गांधीजींना १९१५ मध्ये मिळालं होतं, ते त्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी असहकाराच्या वेळी परत केलं.

*खासगी पदकं:* राज्यारोहणाच्या किंवा राजाच्या भेटीच्या निमित्ताने कारखान्यांनी बनवून विकलेली. ही बहुधा पितळ, ब्रॉंझ किंवा कथिलासारख्या पांढऱ्या धातूची असतात. सरकारी पदकांच्या यादीत ती सापडत नाहीत, म्हणून ती नकली आहेत असं मात्र नाही.

तीन दरबार, तीन पदकं

दिल्लीत तीन शाही दरबार झाले आणि तिन्हींची पदकं निघाली. संग्राहकांच्या दृष्टीने हीच मुख्य मालिका.

*१८७७ चं पदक* सर्वांत मोठं, सुमारे ५८ मिलिमीटर व्यासाचं. सोन्यात आणि चांदीत पाडलेलं. पुढच्या बाजूला मुकुट आणि ओढणी घेतलेली व्हिक्टोरिया, मागच्या बाजूला किताब तीन लिप्यांत: रोमन, फारसी आणि देवनागरी. देवनागरीत ‘हिन्द का कैसर’ असं लिहिलेलं आहे. हे पदक गळ्यात घालायचं असे आणि त्याची फीत सोनेरी काठाची किरमिजी होती. सोन्याचं पदक संस्थानिकांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळालं. चांदीचं इतरांना, आणि पलटणींमधल्या निवडक साध्या शिपायांनाही. हे क्वचितच दिसतं.

*१९०३ चं पदक* सातव्या एडवर्डच्या दरबाराचं. एडवर्ड स्वतः आला नव्हता, दरबार लॉर्ड कर्झनने भरवला. व्यास सुमारे ३८.५ मिलिमीटर. पुढे मुकुटधारी एडवर्ड, मागे फारसी मजकूर. त्या मजकुरात १९०१ हे साल आहे, कारण तो १९०१ मध्ये गादीवर आला. पुढच्या बाजूचं १९०३ आणि मागचं १९०१ पाहून पदक खोटं ठरवू नका. फीत फिकट निळी, तिच्यावर तीन गडद निळे पट्टे. सोन्याची सुमारे १४० आणि चांदीची अडीच हजारांच्या आसपास पदकं दिली गेली. मुंबईकरांना हा एडवर्ड वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. काळा घोडा या भागाला ज्या पुतळ्यामुळे नाव मिळालं, त्या घोड्यावरचा स्वार तोच. तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून भायखळ्याच्या राणीबागेत ठेवला गेला.

*१९११ चं पदक* घरांमध्ये सर्वाधिक सापडतं. सम्राट असताना हिंदुस्थानात आलेला पाचवा जॉर्ज हा एकटाच. तो २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत अपोलो बंदरावर उतरला आणि १२ डिसेंबरला दिल्लीत दरबार झाला. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा याच दरबारातली. गेटवे ऑफ इंडिया हे त्याच्या मुंबईत उतरण्याचं स्मारक आहे, म्हणजे एका अर्थाने हे पदक आणि गेटवे एकाच घटनेच्या दोन आठवणी.

या पदकाचाही व्यास सुमारे ३८.५ मिलिमीटर. पुढे जॉर्ज आणि राणी मेरी यांचे एकाआड एक, डावीकडे पाहणारे मुकुटधारी चेहरे आणि भोवती गुलाबांची माळ. मागे फारसीत दरबाराचा आणि सम्राटाचा उल्लेख. फीत निळी, मधोमध दोन बारीक किरमिजी रेघा. सोन्याची २०० आणि चांदीची ३०,००० पदकं पाडली गेली. दरबाराला हजर नसलेल्या, देशभरच्या नोकरदारांना आणि फौजेतल्या हजारो जणांनाही ती मिळाली. म्हणून ते गावाकडच्या ट्रंकेत सापडणं नवलाचं नाही.

या दोन पदकांच्या मागची फारसी अक्षरं पाहून ‘हे निजामाचं’ किंवा ‘हे मोगलांचं’ असा समज होऊ शकतो. शेवटच्या मोगल बादशहाची सत्ता १८५८ पूर्वीच संपली होती. ब्रिटिशांनी दरबार हा शब्द, ती जागा आणि ती भाषा मुद्दाम मोगलांकडून उचलली, आपण त्यांचेच वारस आहोत हे ठसवण्यासाठी.

पुढची दोन: १९३५ आणि १९३७

पाचव्या जॉर्जच्या राज्याला २५ वर्षं झाली तेव्हा १९३५ चं रौप्यमहोत्सवी पदक निघालं. त्यावर ६ मे १९१० आणि ६ मे १९३५ अशा तारखा आहेत. सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं पदक १९३७ चं, त्यावर १२ मे १९३७ ही तारीख. दोन्ही दरबारी पदकांपेक्षा लहान, सुमारे ३२ मिलिमीटरची. दोन्हींच्या मागे जी, आर, आय ही अक्षरं गुंफलेली आहेत. जी म्हणजे जॉर्ज, आर म्हणजे लॅटिनमधला ‘रेक्स’, राजा, आणि आय म्हणजे ‘इंपरेटर’, सम्राट.

हाच ‘सम्राट’ शब्द युद्धपदकांच्या पुढच्या बाजूला लॅटिनमध्ये तोडून लिहिलेला असतो. चेहऱ्याभोवतीच्या मजकुराच्या शेवटी आय-एन-डी आणि आय-एम-पी ही दोन संक्षिप्त रूपं दिसली, की ‘हिंदुस्थानचा सम्राट’ असं वाचायचं. हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील मोहिमांसाठीच्या पदकांवर पाचव्या जॉर्जच्या नावापुढे ‘कैसर-ए-हिंद’ हे शब्द रोमन लिपीत येतात.

कडेवर काय लिहिलंय?

पदक हातात घेतलं की आपण पुढून-मागून पाहतो. मराठी घरातल्या पदकाबाबत खरी माहिती तिसऱ्या जागी, कडेवर असते.

पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. हे पदक चांदीचं, ३६ मिलिमीटरचं. पुढे पाचव्या जॉर्जचा बिनमुकुटाचा चेहरा, मागे घोड्यावरचा उघडा स्वार. मजूर तुकड्यांमधल्या लोकांना हेच पदक ब्रॉंझमध्ये दिलं गेलं. चांदीपेक्षा ब्रॉंझचं कमी दिसतं, म्हणून ‘चांदीचं नाही’ म्हणून ते टाकून देणं चुकीचं ठरेल.

दिल्ली दरबाराची १९०३ आणि १९११ ची पदकं मात्र सरकारने नावाशिवाय दिली होती. त्यांच्या कडेवर नाव असेल तर ते मिळालेल्या माणसाने नंतर स्वतः कोरून घेतलेलं असतं. ते खरंही असू शकतं, पण त्याला जोड म्हणून घरातला कागद, फोटो किंवा सनद लागते.

कडेवरची पलटण ओळखताना एक अडचण येते. १९२२ मध्ये फौजेची फेररचना झाली आणि जुने क्रमांक बदलले. महाराष्ट्रातल्या घरांसाठी उपयोगी पडेल अशी ही यादी:

- १०३ वी मराठा: पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली
- १०५ वी मराठा: दुसरी
- ११० वी मराठा: तिसरी
- ११६ वी मराठा: चौथी
- ११७ वी मराठा: पाचवी
- ११४ वी मराठा: दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन

यांपैकी १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून चाललेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. पुढे कैदेत अनेक जण दगावले. या तीन पलटणींपैकी एखादं नाव कडेवर असेल, तर त्या माणसाची गोष्ट तिथपर्यंत जाते का, हे शोधण्यासारखं आहे.

आणखी एक नाव डोळ्यांत तेल घालून शोधावं: १११ महार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी महारांची फौजभरती बंद केली होती. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांसारख्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये पुन्हा मोडली गेली. चार वर्षांच्या या पलटणीचं नाव असलेलं पदक हा सामाजिक इतिहासाचा पुरावा आहे. महार रेजिमेंट त्यानंतर वीस वर्षांनी, १९४१ मध्ये उभी राहिली.

त्या काळातल्या हिंदुस्थानी शिपायांच्या वैयक्तिक सेवेच्या नोंदी सहज हाती लागत नाहीत. घरातली पत्रं वाळवी लागून गेलेली असतात. अशा वेळी पणजोबांचं नाव, क्रमांक आणि पलटण एकत्र सांगणारी जागा म्हणजे ही तीन मिलिमीटरची कड. सातारा आणि कोकणातल्या काही गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले’ अशा संगमरवरी पाट्या आहेत, पण त्यांवर फक्त आकडा असतो, नावं नसतात. तो आकडा आणि कडेवरचं नाव जुळवायचं काम कुटुंबालाच करावं लागतं. माणूस युद्धात गेला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदवहीत नाव किंवा पलटण घालून इंटरनेटवर शोध घेता येतो.

चांदीचा भाव वाढला की काय होतं?

१९७९ च्या अखेरीपासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत जगभर चांदीचा भाव भडकला. पहिल्या महायुद्धाचं युद्धपदक म्हणजे साधारण एक औंस, सुमारे ३० ग्रॅम चांदी. तेव्हा ब्रिटनमध्ये अशी पदकं मोठ्या संख्येने वितळवली गेली. आज तिकडे कुटुंबं पणजोबांच्या पदकांचा संच पुरा करायला निघतात, तेव्हा ब्रॉंझचं विजयपदक मिळतं आणि चांदीचं नेमकं गायब असतं.

आपल्याकडे हे रोज थोडंथोडं होत असतं. सराफ वजन करतो, घट धरतो आणि मोडीचे पैसे देतो. त्याचं काही चुकत नाही, त्याचा धंदा धातूचा आहे. कडेवरचं नाव वाचायची जबाबदारी दुकानात जाण्याआधीची आहे. दुसऱ्या महायुद्धाची पदकं मोडायला नेण्यात तर पैशाचाही अर्थ नाही. त्यातलं सर्रास आढळणारं गोल पदक तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं असतं, चमकतं चांदीसारखं, पण चांदी नसते.

खरं की नकली?

१९११ च्या दरबारी पदकाच्या आणि युद्धपदकांच्या नकला बाजारात असतात. घरच्या घरी एवढं तपासता येतं:

- *व्यास मोजा.* व्हर्नियर कॅलिपरने मोजलेला व्यास अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी भरला तर शंका घ्या. खऱ्या पदकावरून साचा काढून ओतलेली नक्कल धातू आकसल्यामुळे किंचित लहान होते.
- *अक्षरं पाहा.* टाकसाळीत पदक ठशाने पाडलेलं असतं, अक्षरांच्या कडा धारदार असतात. ओतीव नकलेची अक्षरं साबणावर उमटवल्यासारखी मऊ दिसतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात.
- *कड फिरवा.* कडेभोवती जोडाची रेघ किंवा कानसल्याच्या खुणा दिसल्या तर ते ओतीव असण्याची शक्यता मोठी.
- *चुंबक लावा.* चांदी, सोनं, तांबं आणि ब्रॉंझ चुंबकाला चिकटत नाही.
- *नाव खोडून नवं घातलंय का?* कडेचा नाव असलेला भाग बाकीच्यापेक्षा खोलगट किंवा जास्त गुळगुळीत असेल, तर जुनं नाव घासून दुसरं कोरलेलं असू शकतं.

नुसत्या फितीवरून निष्कर्ष काढू नका. शंभर वर्षांत कापड विरतं, कुटुंबं नवी फीत लावतात. नवी फीत म्हणजे नकली पदक असं होत नाही, आणि जुनाट फीत म्हणजे खरं पदक असंही नाही.

जमवायला सुरुवात करायची तर

घरात एक सापडलं की काहींना पुढची शोधण्याची ओढ लागते. अशा वेळी सगळंच घेत सुटण्यापेक्षा एक धागा पकडलेला बरा: तीन दरबार, किंवा फक्त १९११, किंवा मराठा पलटणींची नावं असलेली पदकं. १९११ चाच धागा धरला तर त्या सालचा रुपयाही त्यात येतो. त्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड अशी आखूड दिसे की लोकांना तो डुकरासारखा वाटला. तक्रारी झाल्या, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला गेला. संग्राहक त्याला ‘डुक्कर रुपया’ म्हणतात.

कळव्याहून धीम्या लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरलं की चोर बाजार चालत गाठता येतो. फोर्टमध्ये जुन्या नाण्यांची दुकानं आहेत आणि मुंबई-ठाण्यात वेळोवेळी नाण्यांची प्रदर्शनं भरतात. पहिल्या काही खेपांना पैसे घरी ठेवून जा. खरी पदकं हातात घेऊन पाहिल्याशिवाय नजर तयार होत नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था इथे जुनं टाकसाळीचं काम कसं दिसतं हे कळतं.

विकत घेताना तीन गोष्टी मागा: पावती, विकणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, आणि पदक कुठून आलं याची माहिती. नाव कोरलेलं पदक घरातल्या कागदांसह मिळत असेल तर दोन्ही एकत्रच घ्या. सुटं पदक आणि कागदांसह पदक यांच्या किमतीत मोठा फरक असतो, आणि एकदा वेगळी झालेली ती पुन्हा क्वचितच एकत्र येतात.

कायदा काय सांगतो?

१९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा इथे लागू होतो. ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू ही या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. त्या हिशेबाने १८७७, १९०३ आणि १९११ ची पदकं या वयाच्या पुढे गेली आहेत. १९३५ चं पदक २०३५ मध्ये तिथे पोहोचेल.

याचा व्यवहारात अर्थ असा:

- घरात वडिलोपार्जित पदक असणं हा गुन्हा नाही.
- पुरावस्तू विकण्याचा *धंदा* करायचा तर परवाना लागतो. विकणारा दुकानदार असेल तर तो आहे का, हे विचारा.
- पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला ग्राहक इंटरनेटवर कितीही चांगली किंमत देत असला, आणि पदक पाकिटातून सहज जाण्याएवढं असलं, तरी.
- एखादी वस्तू पुरावस्तू आहे की नाही याबद्दल शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तपासून घ्यावं.

जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

घरी जपायचं कसं?

पहिला नियम: घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही नको. काळपट थर हा मळ नसून चांदीवर वर्षानुवर्षं तयार झालेली पुट असते. ती खरवडली की चेहऱ्याचे बारीक तपशील आणि कडेवरची अक्षरं झिजतात, आणि संग्राहक अशा पदकाला कमी किंमत देतात.

दुसरा: पदक कडेने धरा, हात कोरडे ठेवा. बोटांचा घाम धातूवर डाग पाडतो.

तिसरा: खाडीकाठची हवा दमट आणि खारी असते. पदक आम्लमुक्त कागदात किंवा नाण्यांसाठीच्या चांगल्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी घाला आणि पावसाळ्याआधी ती बदला. मऊ पीव्हीसीची पाकिटं आणि रबर बँड टाळा, त्यांच्यामुळे चांदीवर डाग पडतात. फीत धुऊ नका.

चौथा, आणि सर्वांत सोपा: आजच फोटो काढा. पुढून, मागून, आणि कडेवर तिरका उजेड पाडून अक्षरं वाचता येतील असे. घरातल्या वडीलधाऱ्यांना पणजोबांबद्दल जे आठवतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढे पदक हरवलं किंवा वाटण्या झाल्या, तरी नाव राहील.

परक्या सम्राटाचं पदक कशाला जपायचं?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्या काळातल्या लोकांनाही तो पडला होता. १८७७ च्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने विणलेल्या खादीच्या कपड्यांत गेले. १९११ च्या दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी सम्राटाला थोडक्यात अभिवादन केलं आणि पाठ करून ते निघून गेले. त्यावरून इंग्रजी वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. गांधीजींनी पदकंच परत केली.

दुसऱ्या बाजूला, दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेल्या घरातला मुलगा पगारासाठी पलटणीत भरती झाला, बसऱ्यापर्यंत गेला, आणि परतला तेव्हा त्याच्याकडे हे पदक होतं. काहींचं पदक घरी आलं, माणूस आला नाही. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा असला, तरी कडेवर नाव आहे ते सातारा-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्याच्या पोराचं. पदक ठेवलं म्हणजे साम्राज्याला मुजरा केला असं होत नाही. दरबाराचा डामडौल आणि त्याची किंमत मोजणारी माणसं, दोन्हींचा पुरावा त्यातून हाती राहतो.

थोडक्यात

१. पदक सापडलं तर आधी कड वाचा, मग वजन करा.
२. कडेवर काही नसेल तर व्यास, चेहरे आणि मागचा मजकूर यांवरून प्रसंग ओळखा.
३. फोटो आणि घरातल्या आठवणी लगेच नोंदवा.
४. घासू नका, कोरडं ठेवा.
५. विकायचंच असेल तर मोडीच्या भावावर थांबू नका. किमान दोन जाणकारांना दाखवा, आणि ते देशाबाहेर पाठवू नका.
६. भावंडांत वाटणी करताना पदक, फोटो आणि कागद एकाच घरी राहू द्या.